नाव शेवटी

महाडच्या स्टँडवर हल्ली गाड्यांची नावं ध्वनिमुद्रित आवाजात सांगतात. कुणी बाई आहे, गोड बोलते, पण तिच्या बोलण्यात राम नाही. कुठली गाडी, कुठला फलाट, एका दमात सांगून मोकळी होते. मी गाडीत बसते, खिडकीला डोकं टेकते, आणि डोळे मिटले रे मिटले की तिच्या आवाजाखालून मला दुसराच आवाज यायला लागतो.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं... फलाट दोनवर जी गाडी उभी आहे... जिच्यात काही मंडळी आधीच जाऊन बसली आहेत... ती गाडी..."

इथे एक लांबलचक श्वास. शेंगदाणेवाल्याचा हात पुडी बांधता बांधता थांबायचा. भांडणारे नवराबायको भांडण थांबवून कर्ण्याकडे बघायचे.

"...तुडीलला जाणार आहे!"

की पोलादपूरची समजून बसलेली अर्धी गाडी शिव्या घालत खाली.

हे आमचे कंट्रोलर. नोकरी स्टँडवरच्या कंट्रोलरची म्हणून लोक कंट्रोलर म्हणायचे, आणि निवृत्त झाल्यावरही ते नाव सुटलं नाही. खरं नाव महाडात कुणी घेत नसे, मीही घेत नाही. शिव्या खाल्ल्या तरी माणूस ढिम्म. म्हणायचे, "बाई, नाव शेवटी यायला हवं. आधी सांगितलं की कोणी ऐकतं का? पिशवी उचलतात आणि चालायला लागतात." मी शाळेत शिकवते, म्हणून मी 'बाई'.

घरातही तेच. त्यांच्या बायकोनं मला एकदा पोहे देता देता सांगितलं, की लग्नाच्या वेळी मुलगी बघून तुडीलला परत गेल्यावर आईनं विचारलं, "काय रे, कशी वाटली?" तर हे म्हणाले, "उंच आहे. हसते बरी. आवाज मोकळा आहे. चहात साखर जास्त घालते. आणि..." सासूबाई म्हणे उठल्या, म्हैस पिळून आल्या, तेव्हा कुठे यांचं 'पसंत' तोंडाबाहेर पडलं. सांगताना काकी हसत होत्या, आणि कंट्रोलर समोर बसून त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. मला वाटलं, काय ते प्रेम बाई या वयात! त्या टक लावण्याचं खरं कारण मला फार उशिरा कळलं.

आमचं हौशी नाटकमंडळ होतं. म्हणजे कसलं हौशी, कंट्रोलरांना हौस आणि आम्हाला भीड. बँकेतले एक जण, औषधाच्या दुकानातली एक, कारखान्यातली पोरं, आणि मी. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे. तिथे मे महिन्यात देवळात पूजा असते. मुंबईला गेलेली माणसं सुट्टी काढून येतात, घरं उघडतात, कौलं शेकारतात, चार दिवस वाडी बोलायला लागते. आमच्यातला बाळ्या त्या वाडीचा. त्याच्या ओळखीनं दरवर्षी पूजेला आमचं नाटक असायचं. आणि नाटक दरवर्षी एकच असायचं म्हटलं तरी चालेल, कारण त्यात कुणाचा तरी खून व्हायचाच.

"सुट्टीत माणसं गावी येतात ती जेवायला, झोपायला आणि भांडायला," कंट्रोलर म्हणायचे. "त्यांना चौथं काहीतरी दिलं पाहिजे की नको?"

नाटक दिवेलागणीला सुरू करायचं आणि जेवणाच्या आधी संपवायचं, हा त्यांचा दंडक. भरल्या पोटी माणूस खुनी शोधत नाही, घोरतो. लेखक तेच, दिग्दर्शक तेच, आणि प्रेतही तेच. पहिल्या प्रवेशात मरायचं आणि शेवटपर्यंत रंगमंचाच्या मधोमध पडून राहायचं. मी एकदा म्हटलं, "साहेब, दिग्दर्शकानं विंगेत उभं राहायचं असतं." तर म्हणाले, "विंगेतून अर्धं दिसतं. मेलेल्याला सगळं कळतं."

त्यांची एकच इच्छा होती, आणि ती मंडळातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होती. शेवटी इन्स्पेक्टरनं खुन्याचं नाव घेतलं की अख्ख्या वाडीच्या तोंडून एकदम "आँ!" निघायला हवं. टाळ्या नकोत, हार नको. एकच "आँ!", सगळ्यांचा मिळून.

आणि तेवढंच त्यांना मिळत नव्हतं!

एका वर्षी खुनी झालेल्या मुलाची आई पहिल्या रांगेत बसली होती. दुसऱ्याच प्रवेशात ती शेजारणीला मोठ्यानं म्हणाली, "माझा झिलगा घरात कोंबडी कापत नाय गो, हितं माणूस मारतोय बघ." झालं, संपलं नाटक. पुढच्या वर्षी त्यांनी खुन्याला गुप्ततेची शपथ घातली. पोरगं शपथेला जागलं, पण त्याच्या मित्रांनी काय करावं? थेट पोलादपूरच्या नाक्यावर फ्लेक्स लावला. गॉगल घातलेला फोटो आणि खाली ठसठशीत अक्षरांत, 'खुन्याच्या प्रमुख भूमिकेबद्दल हार्दिक शुभेच्छा! शुभेच्छुक: समस्त मित्रपरिवार.' आमचा टेम्पो त्या फ्लेक्सखालूनच गेला. कंट्रोलर मान वर करून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "फोटो छान आलाय पोराचा."

असा माणूस. चिडायचाच नाही. मी मात्र चिडायची, त्यांच्या वाटचंही.

तालमी आमच्या शाळेच्या हॉलमध्ये. तालीम संपली की चवदार तळ्याच्या काठाशी जाऊन बसायचं, वारा खात. पाण्यात दिव्यांची ओळ हलत असायची. कंट्रोलर फार बोलायचे नाहीत, आमच्या तोंडांकडे बघत बसायचे. कुणी हसलं की एक क्षण उशिरानं हसायचे. मला त्या संध्याकाळी आठवतात त्या अशाच, थोड्या लांबून, मागाहून ऐकू आल्यासारख्या.

मार्चमध्ये मात्र तालमी बंद. तळ्यावर गावोगावची माणसं येतात. आमच्या घरी पाहुण्यांना पाय ठेवायला जागा नसते, आणि आम्ही सगळे पाणी वाटायला, जेवण वाढायला उभे असतो. कंट्रोलर आपणहून यायचे, "जयभीम बाई" म्हणायचे आणि हरवलेल्या मुलांचा माइक ताब्यात घ्यायचे. पहिल्या वर्षी मी धास्तावलेच. म्हटलं, हा बाबा तिथेही श्वास घेत बसला तर त्या आईनं काय करायचं? पण माइक हातात आला आणि पहिला शब्दच आला तो मुलीचं नाव. खणखणीत, दोनदा, तीनदा. मग फ्रॉकचा रंग, मग गाव. धापा टाकत आई आली, पोरीला छातीशी घेतलं, तेव्हा मी मुद्दाम विचारलं, "काय साहेब, आज नाव आधी?"

"हरवलेल्याचं नाव आधी," ते म्हणाले. "खुन्याचं शेवटी. एवढंही कळू नये का माणसाला?"

त्यांच्या कानांचं मला कळलं ते शिवथरला. श्रावणात मंडळाची सहल गेली होती. घळीशी धबधबा असा कोसळत होता की शेजारी उभं राहून ओरडलं तरी कळेना. जो तो हातवारे करत होता. औषधाच्या दुकानातली कानाशी येऊन किंचाळत होती, तरी मला काही ऐकू जात नव्हतं. फक्त कंट्रोलर मजेत होते. ते तिच्याशी बोलत होते, मग बँकवाल्यांशी, मान हलवून, खुणा करून सगळ्यांना बरोब्बर उत्तरं देत होते. मला नवल वाटलं. परतताना वळणावर, आवाज जरा मागे पडल्यावर, ते माझ्याजवळ आले.

"इथे बरं वाटतं मला. इथे सगळेच माझ्यासारखे."

मी थांबले. एकदम सगळं जागच्या जागी बसलं. ते तोंडांकडे बघणं, उशिरानं हसणं, आणि ते प्रेताचं काम. मेलेल्याला संवाद ऐकून उत्तर द्यावं लागत नाही ना!

"साहेब, कधीपासून?"

"झाली बरीच वर्षं. आता घाईनं चाललंय. एक कान गेलाच. दुसऱ्यात अजून थोडी धुगधुगी आहे. यंत्र लावून बघितलं. त्यात कुकरची शिट्टी येते, कावळा येतो, माणूस येत नाही." ते हसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आयुष्यभर मी बोललो आणि लोकांनी ऐकलं गो. मला एकदा लोकांचं ऐकायचंय. अख्ख्या गावाचं, एकदम. एकट्या माणसाचं बोलणं नाही पोचत आता, पण सगळं गाव 'आँ' म्हणालं तर पोचेल. पुढच्या पूजेपर्यंत एवढं शिल्लक राहावं."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी तोंड फिरवलं, आणि मग ध्यानात आलं की तोंड फिरवलं तर त्यांना काही कळणार नाही. म्हणून परत वळून, ओठ नीट हलवून म्हटलं, "राहील. आणि नाव मी सांगेन. बघतेच कुणाला आधी कळतं ते."

त्या वर्षीचं नाटक 'मे महिन्यातला मुडदा'. सुट्टीला बंगल्यावर आलेल्या शेठला पन्ह्यातून विष देतात. संशयित म्हणजे बायको, पुतण्या आणि डॉक्टर. खुनी डॉक्टर, आणि डॉक्टर बाळ्या. इन्स्पेक्टर मी, कंट्रोलरांचाच जुना खाकी गणवेश शिंप्याकडून आवळून घेतलेला. खुनी कोण हे आम्हा तिघांनाच ठाऊक. शेवटचा प्रवेश तालमीत कधी केलाच नाही. बाकीच्यांना त्यांच्या त्यांच्या वाक्यांपलीकडे काही दिलं नाही. फ्लेक्स नाही, मित्रपरिवार नाही. बाळ्याच्या आईलाही सांगितलं, पोरगा डॉक्टर झालाय एवढंच लक्षात ठेवा.

वाडीत पोचलो तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. देवळासमोर शाळेची बाकं जोडून, वर फळ्या टाकून रंगमंच केला होता. खाली पोकळ. पाऊल टाकलं की धम्म व्हायचं. करवंदांचा वास येत होता, मुंबईकरांची पोरं धुळीत लोळत होती, म्हातारी माणसं गोधड्या टाकून जागा धरून बसली होती. सगळं कसं झोपेतून बघितल्यासारखं पिवळं, संथ.

पडदा उघडायच्या आधी तिथे गाऱ्हाणं घालतात. पडद्यापुढे वाडीतला वडील माणूस उभा राहतो आणि देवाला सगळं सांगतो, कोण आलंय, काय करणार आहे, सांभाळून घे. प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं. वडील म्हणजे तात्या, बाळ्याचा चुलता. डोक्याला टोपी, मिशा पांढऱ्याशुभ्र. आम्ही सगळे पडद्यामागे रांगेत, पडदा जरासा बाजूला सारून. कंट्रोलर शेठच्या झब्ब्यात, हात जोडून, दुसऱ्यांच्या ओठांवर नजर ठेवून 'होय म्हाराजा' म्हणत होते, अर्ध्या क्षणाच्या उशिरानं. आमच्या घरात देवाचं काही नाही, त्यामुळे मी हात मागे बांधून नुसती ऐकत होते. म्हणून आमच्यात पहिल्यांदा धक्का बसला तो मला.

"बा देवा म्हाराजा, मुंबयची लेकरं तुझ्या पाया पडाया आलीत, त्यांची गाडीघोडी सांभाळ!"

"होय म्हाराजा!"

"आज तुझ्या दारात म्हाडच्या मंडळींनी नाटक मांडलंय, ते गोड करून घे!"

"होय म्हाराजा!"

"आणि म्हाराजा, ह्या नाटकात आमचा बाळ्या डाक्टर होऊन शेठला पन्ह्यातनं इख घालतो हाय, त्याच्या हातनं खून होतो हाय! तो खोटा खून हाय, पोराच्या मनात काय नाय! त्याचं पाप त्याला लावू नको म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" म्हणाली अख्खी वाडी. आणि माझ्या शेजारी, अर्धा क्षण उशिरा, इतरांचे ओठ हललेले बघून मग डोळे मिटून, अगदी मनापासून, कंट्रोलर म्हणाले, "होय म्हाराजा!"

मग हसण्याची लाट आली. "अगो, बाळ्या हाय!" "तात्यानं स्पॉयलर दिला ना यार!" कंट्रोलरांनी डोळे उघडले. लोकांची हलणारी डोकी बघितली आणि मला विचारलं, "का हसतायत?"

काय सांगू? न सांगावं असं फार वाटलं. पण दोन प्रवेशांनंतर वाडी नुसतीच हसली असती आणि हा माणूस फळीवर पडून वाट बघत राहिला असता. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि ओठ नीट हलवून सांगितलं. "गाऱ्हाण्यात बाळ्याचं नाव आलं. सगळ्यांना कळलं."

बाळ्या रडकुंडीला आला होता. "साहेब, देवळापुढं खून करायचा, मग देवापासून कसा लपवायचा? तात्याला सांगितल्याबिगर माझं मन धजलंच नाय."

कंट्रोलर त्याच्या ओठांकडे बघत होते. मग त्याच्या पाठीवर थाप मारली. "बरोबर आहे रे तुझं." पण चेहरा पार उतरला होता. स्वतःशीच पुटपुटले, "पण काय नवल बघा, खून व्हायच्या आधीच तात्याला खुनी माहीत!" आणि झब्बा सारखा करून मला म्हणाले, "चला बाई. मी आता मरतो. पुढचं तुमच्यावर."

आणि मेले. पन्हं प्यायले, दोनदा गोल फिरले, धाडकन पडले, उरला कान फळीला लावून. तो उरला कान ते नेहमीच खाली ठेवायचे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

पुढचं सगळं मला स्वप्नासारखं आठवतं. उजेड मावळत होता, दिव्याभोवती किडे जमले होते. बाळ्या आला की वाडी ओरडायची, "आला, आला!" पोरं विचारायची, "डाक्टर, आमाला पन पन्हं!" बाळ्याला दरदरून घाम फुटलेला. मी प्रश्न विचारत होते, उत्तरं घेत होते, आणि आत नुसता गोंधळ. अख्ख्या वर्गाला उत्तर येतंय आणि बाईंनाच येत नाही, अशी गत. प्रेताभोवती फेऱ्या मारता मारता त्यांचं ते पुटपुटणं डोक्यात फिरायला लागलं. खून व्हायच्या आधीच तात्याला खुनी माहीत. खून व्हायच्या आधीच.

अरेच्चा!

शेवटचा प्रवेश आला. मी बाळ्याकडे चालत गेले. वाडी खूश. "धरा त्याला, धरा!" मी त्याच्यासमोर थांबले आणि पुढे निघून गेले.

"डॉक्टर निर्दोष आहे."

हसणं अर्ध्यावर थांबलं. बाळ्यानं माझ्याकडे असं बघितलं की त्याला खरंच सुटल्यासारखं वाटलं असावं.

"पन्हं ढवळायच्या आधी," मी फळ्यांच्या कडेशी येत म्हटलं, "पडदा उघडायच्याही आधी, इथे एका माणसाला सगळं ठाऊक होतं. कोण मरणार, कशानं मरणार. त्यानं भर देवळासमोर एका गरीब पोरावर आळ घातला. आणि तुम्ही! तुम्ही सगळे त्याला 'होय म्हाराजा' म्हणालात! मला सांगा, खून व्हायच्या आधी ज्याला खून माहीत, असा माणूस..."

इथे मी श्वास घेतला. स्टँडवर शिकलेला, लांबलचक. पोरांची चुळबुळ थांबली. देवळामागच्या ओढ्याचं पाणी ऐकू यायला लागलं. मी बोट उचललं, रांगांवरून फिरवलं आणि पहिल्या गोधडीवर आणून थांबवलं.

"...तात्या!"

"आँ!"

काय सांगू तुम्हाला! म्हाताऱ्या, पोरं, मुंबईवाले, सगळ्यांच्या छातीतून एकदम निघालं. तात्या सावकाश उठले. टोपी काढली, दोन्ही मनगटं जुळवून पुढे केली आणि म्हणाले, "धरा बाय. मीच घातलं इख. बांध कोरलान माझा शेठनी!"

मग जे काही झालं! हसणं, शिट्ट्या, टाळ्या, पाय आपटणं. तात्यांना पोरांनी उचलून घेतलं. कुणीतरी पडदा ओढला.

कंट्रोलर उठले नाहीत. मी धावत जाऊन त्यांच्याजवळ गुडघ्यावर बसले. डोळे मिटलेले, आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहून फळीवर उतरत होतं.

"साहेब! साहेब, ऐकलंत?" मी त्यांचा खांदा हलवला.

"हलवू नको गो," ते पुटपुटले. "अजून येतंय. कानात नाही, फळीतून. अजून येतंय बघ."

मीही आडवी झाले, त्यांच्यासमोर, गाल फळीला लावून. खरंच येत होतं. वाडीचे पाय, वाडीचं हसणं, सगळं त्या पोकळ लाकडातून गालात, दातांत शिरत होतं. बराच वेळ आम्ही दोघं तसेच पडून होतो. मग त्यांनी एक डोळा उघडला.

"मला मारलं कुणी?"

ज्यानं नाटक लिहिलं त्यालाच ठाऊक नव्हतं! मी तोंड उघडलं, श्वास घेतला, आणि तेवढ्यात बाळ्यानं नमस्कारासाठी पडदा सर्रकन उघडला. वाडीनं बघितलं तर शेठच्या शेजारी इन्स्पेक्टरबाईपण मरून पडलेल्या.

"आँ!"

माझ्या गालाखालची फळी थरथरली. समोर कंट्रोलर मेल्या मेल्या हसत होते.

नाव मी त्यांना पंगतीत सांगितलं. अगदी शेवटी, ताक वाढल्यावर.